सोडलेला टमाटर

नर्मदेच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून माणसाने टमाटर सोडू नये. कारलं सोडावं, गिलके सोडावे, दुधी तर खुशाल सोडावा. टमाटर मात्र नाही. त्यातून घरच्या सुनेच्या डोक्यात इटालियन खाण्याची गाडी घोळत असेल तर मुळीच नाही. मला हे आधी कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं, असं नाही.

बायको गेली दिवाळीच्या थोडं आधी. दहाव्याला ग्वारीघाटावर पिंडाचं सगळं झालं आणि गुरुजी म्हणाले, "दादाजी, माताजी के नाम से खाने की कोई एक चीज़ छोड़ दीजिए. जो प्यारी हो."

ही पद्धत मला माहीत होती. माझ्या थोरल्या साळ्याने काशीला जाऊन कारलं सोडलं होतं, आणि मग प्रत्येक लग्नात जिलबीचा घास घेता घेता सांगायचा, "आपण बुवा कारलं सोडलं." मीही घरून गिलके ठरवूनच निघालो होतो. जन्मभर गिलक्याचा राग. पण पाण्यात उभा राहिलो, ओंजळीत तीळ घेतले, आणि तोंडातून निघालं, "टमाटर."

काहून निघालं? तर ती टमाटरचं सार करायची. वरून जिऱ्याची फोडणी, आत चिमूटभर गूळ. मी ते भातावर घेत नव्हतो, वाटीने प्यायचो. आणि पहिल्या घोटाला म्हणायचो, "मीठ कमी आहे." ती वाटी उचलून आत न्यायची, परत आणायची, मी दुसरा घोट घ्यायचो आणि म्हणायचो, "आता बरोबर." आमचा संसार या दोन वाक्यांवर झाला म्हटलं तरी चालेल. गोड बोलणारे लोक वेगळे असतात. मी आठवी नापास, फॅक्टरीत लेथवर उभा राहून म्हातारा झालेला माणूस. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, ती घरी आल्यावर कमी होत नव्हती.

गुरुजींनी माझ्याकडे जरा पाहिलं. "टमाटर? पक्का?"

"पक्का," मी म्हणालो. मला काय माहीत!

मुलगा तेव्हा नाववाल्याशी बोलत होता, त्याला ऐकू गेलं नाही. सोडलेल्या वस्तूचा गाजावाजा करायचा नसतो, म्हणून मीही कोणाला सांगितलं नाही. घरी म्हणालो, डॉक्टरने टमाटर बंद केला, पथरी आहे, मुतखडा. पथरी होती हे खरंच आहे. फक्त ती माझ्या नोकरीच्या काळातच पडून गेली होती.

आता सुनेचं सांगतो. सून इथलीच, हिंदी घरातली. मराठी सगळी समजते, बोलताना मात्र अर्ध्या वाटेत हिंदीवर जाते. शाळेत शिकवायची. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून घरी बसली, आणि तिचं सगळं हिनेच केलं. बायको गेली आणि हिच्या हाताला काम उरलं नाही. मग ती एका भिंतीकडे पाहत बसायची आणि मी दुसऱ्या. मुलगा संध्याकाळी कारखान्यातून येऊन तिसऱ्या भिंतीवरचा टीव्ही लावायचा.

एक दिवस चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबा, मी फूड ट्रक लावून राहिली. इटालियन."

म्हटलं, "इटालियन काहून? आपल्या महाराजपुरात कोणी इटलीचा राहते काय?"

"चीनचा पण कोणी नाही राहत. तरी चाऊमीन के ठेले कितने हैं, गिनो."

ती बोलताना भिंतीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती, हे माझ्या ध्यानात आलं. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. मी तोंड बंद ठेवल्याच्या गोष्टी फार नाहीत, तर ही लिहून ठेवतो.

मुलगा रिछाईच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने तिथल्याच एका शेडमधून जुना टेम्पो आणला, एका अंगाने कापून खिडकी काढली, आत ओटा बसवला, गॅसची जागा केली. रंग निळा मारला. जागा ठरली अधारतालच्या रस्त्यावर, संध्याकाळची. फक्त गाडीच्या अंगावर मेनू लिहायचा राहिला. ते लिहिणारा पेंटर रोज फोन करायचा, "दीदी, क्या लिखना है बता दो, फिर मैं शादी में जा रहा हूँ." सुनेचं म्हणणं, एकदा रंगवलं की पुसता येत नाही, म्हणून आधी सगळं करून पाहायचं, चाखायचं, मगच लिहायचं. बोलणं शहाणपणाचं होतं. तिने चाखायला मला निवडलं, तिथे शहाणपण संपलं.

मेनूची मिटिंग स्वयंपाकघरात बसायची. मी मंडळाच्या गणपतीत जन्मभर वाढपी. पंगत उठेपर्यंत कमरेला पंचा बांधून वरण वाढलेला माणूस. तर मी पहिला प्रश्न विचारला, "मीठ-लिंबू कुठे ठेवते? डावीकडे चटणी कोणती?"

"बाबा, लोक खड़े-खड़े खाणार. एकच प्लेट."

"एका प्लेटीला डावं-उजवं नसते काय?"

ती हसली. सासू गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. मला वाटलं माझा मुद्दा पटला, म्हणून मी पुढे गेलो. गोड आधी वाढायचं की मागून? ताक कोण देईल? आग्रह कोण करेल? खिडकीतून आग्रह करायचा म्हणजे वाकावं लागेल, कंबर जाईल. ती ओढणी तोंडावर धरून हसत राहिली आणि मी गंभीरपणे बोलत राहिलो. नंतर कळलं की ती हसते म्हणून मी बोलत होतो, पंगतीचं निमित्त.

मग तिने तिचा मेनू सांगितला. लाल सॉसचा पास्ता. तव्यावरचा पिझ्झा, त्यावर तोच लाल सॉस. एक सूप, ज्यात सगळ्या भाज्या आणि लाल सॉस. भाजलेल्या पावावर चिरलेला टमाटर ठेवतात तो एक प्रकार, ज्याचं नाव मला आजही घेता येत नाही. मी मनातल्या मनात मोजत होतो. टमाटर, टमाटर, टमाटर, टमाटर.

"या लोकांच्या देशात दुसरी भाजी पिकत नाही काय?" मी विचारलं.

"व्हाइट सॉस पण आहे ना."

"त्यात मटर टाक," मी म्हणालो. "थंडीत इथला मटर सोडून लोक दुसरं काय खातात?" हे तिने मान्य केलं. मेनूत माझी म्हणावी अशी एवढीच एक गोष्ट. बिनलसणाचा गार्लिक ब्रेड, आपल्याकडच्या जैन गिऱ्हाइकांसाठी, हा मुलाचा. मी म्हटलं, मग त्याला पाव म्हणा ना. शेवटी खोव्याची जलेबी ठेवा, हे माझं कोणी ऐकलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुनेने स्वतः काहून चाखलं नाही? तर आमच्या ओट्याचा नियम. बायकोने तिला आल्या दिवशी शिकवलं होतं, चुलीवरचं चाखायचं नाही, उष्टं होतं. नैवेद्य आधी, मग माणसं. बायको अंदाजाने करायची, तिच्या हाताला सगळं ठाऊक. सून तो नियम अजून पाळते. पास्त्याला कोणता देव बसला आहे हे मी विचारलं नाही. सासूने शिकवलेलं तिला सोडायचं नव्हतं, आणि जो स्वतः पाण्यात उभं राहून टमाटर सोडतो त्याने तिला कोणत्या तोंडाने समजवायचं?

मुलाला चाखायला दिलं तर तो फोनमध्ये पाहत म्हणायचा, "अच्छा है." कच्चं दिलं तरी अच्छा है. राहिलो मी.

मी पथरीचं पुढे केलं. टमाटरच्या बियांनी पथरी होते, सगळ्यांना माहीत आहे. सून "अच्छा" म्हणून आत गेली. दुपारी येऊन पाहतो तर ही बाई टमाटर उकळून, सालं काढून, एकेक फोडून बिया वेगळ्या करून राहिली, वर बारीक चाळणीतून गाळून राहिली. म्हणाली, "बाबा, आता एक पण बी नाही. आता चालेल."

वाटी हातात आली. मी म्हटलं, जरा थंड होऊ दे, आणि वाटी घेऊन मागच्या अंगणात गेलो. सॉस बेसिनमध्ये ओतला, नळ सोडला, मिशी ओली केली आणि परत आलो.

"कसं आहे?"

आणि मी म्हणालो, "मीठ कमी आहे."

दुसरं काय म्हणणार? खाण्याबद्दल मला तेवढंच एक वाक्य येत होतं. तिने मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी, पुन्हा बेसिन, पुन्हा तेच वाक्य. एकदा "आता बरोबर" म्हणून पाहिलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण ते म्हणायला घोट गिळावा लागतो, निदान मला लागतो. खोटं बोलतानासुद्धा माझा क्रम ठरलेला.

रविवारी तिने कॉलनीतल्या लोकांना अंगणात बोलावलं, चाखायला. टेम्पो दारात, आत दिवा लागलेला, ही खिडकीत नवीन ॲप्रन बांधून. पांढरा पास्ता लोकांनी मिटक्या मारत खाल्ला. मग लाल आला. शेजारच्या वहिनींनी, म्हणजे बायकोच्या मैत्रिणीने, पहिला घास घेतला आणि तशाच थांबल्या. रेल्वेतले एक रिटायर शेजारी चमचा खाली ठेवून म्हणाले, "बहू, समुंदर यहाँ तक आ गया क्या?" पोरं हसली. कोणी पाणी मागितलं. सून खिडकीत उभी, चेहरा पांढऱ्या सॉससारखा.

"बाबांनी चाखला होता," ती हळू म्हणाली. "रोज. बोले, मीठ कमी आहे."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "अगं वेडे! भाऊजींच्या सांगण्यावर मीठ टाकलंस? तुझी सासू जन्मात कधी टाकत नव्हती. वाटी आत न्यायची, ओट्यापाशी जरा उभी राहायची, तशीच परत आणून द्यायची. हे म्हणायचे, आता बरोबर. आम्ही दोघी किती हसायचो!"

सगळं अंगण हसलं. मुलगाही हसला, फोन खाली ठेवून. मीही हसल्यासारखं केलं आणि आत जाऊन बायकोच्या खाटेवर बसलो.

माझ्या जन्मभराच्या जिभेचा निकाल लागला होता, तो सगळ्या महाराजपुरासमोर. लेथवर मी केसाएवढा फरक बोटाने सांगायचो, साहेब लोक मान हलवायचे. आणि घरी एक बाई तीच वाटी मला पुन्हा पुन्हा आणून देत होती. भांडायचं तर कोणाशी? असती तर म्हटलं असतं, तू मला मूर्ख समजते काय? ती म्हणाली असती, समजायचं काय त्यात. मला हे भांडण फार हवं होतं. ते मिळणार नव्हतं, याचं जे काही झालं ते दहाव्याच्या दिवशीही झालं नव्हतं.

बाहेर लोक गेले. सून भांडी घासत होती आणि मुलाशी बोलत होती. "लाल हटा देती हूँ. माझा हात चालत नाही. आईसारखा अंदाज नाही आहे मला." मुलगा म्हणाला, अच्छा, जैसा ठीक लगे. मी आतून हिशेब केला. लाल काढला तर पिझ्झा गेला, सूप गेलं, तो न बोलता येणारा पाव गेला. राहिला पांढरा पास्ता आणि बिनलसणाचा पांढरा पाव. सुतकातला मेनू. तो रंगवून ही बाई खिडकीत किती दिवस उभी राहील? मग पुन्हा भिंत. आणि हात तिचा बिघडला नव्हता, बिघडवला होता, एका म्हाताऱ्याने, न चाखता.

सकाळी मी घाटावर गेलो.

गुरुजी पायरीवर चहा पीत होते. म्हटलं, "गुरुजी, छोड़ी हुई चीज़ बदल सकते हैं क्या?"

"क्या छोड़ा था?"

"टमाटर."

त्यांनी कप खाली ठेवला. "अरे, वो आप थे! दादाजी, मैंने तो घर जाकर सबको बताया था. लोग यहाँ करेला छोड़ते हैं, गिलकी छोड़ते हैं, एक आदमी मूली छोड़ गया. टमाटर वाले आप अकेले निकले." फुलं विकणारी बाई पदर तोंडाला लावून हसू लागली. माझ्यावर हसणाऱ्यांची त्या आठवड्यात रांगच लागली होती.

मी सुनेचं सगळं सांगितलं. गुरुजी विचार करून म्हणाले, "बदल तो सकते हैं. पर हल्की चीज़ नहीं चलेगी. उससे ज़्यादा प्यारी दीजिए."

मी पायरीवर बसलो. टमाटरपेक्षा प्यारी वस्तू कोणती? बिडी पूर्वीच गेली होती. सुपारी दातांसोबत गेली. नोकरी गेली, बायको गेली. सोडायला माझ्याजवळ उरलंय काय, म्हणून आतल्या आत चाचपून पाहिलं, खिसे चाचपतात तसं. तर तोंडात एक वाक्य सापडलं.

"गुरुजी, मैं 'मीठ कमी आहे' बोलना छोड़ता हूँ."

"यह खाने की चीज़ कहाँ हुई?"

"मुँह की तो है."

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग उठले, मला पाण्यात उभं केलं, ओंजळ भरायला लावली. वर सांगितलं, "पर पक्का. सच में कम हो, तब भी नहीं."

"तब भी नहीं," मी म्हणालो. तेव्हा वाटलं, फार स्वस्तात सुटलो.

घरी आलो तर सून पेंटरला फोन लावत होती. म्हटलं, "थांब. लाल सॉस पुन्हा कर. मी चाखतो."

"पथरी?"

"गेली."

"कब?"

"आत्ताच. नर्मदेत." आणि मग सगळं सांगितलं, टमाटर, बेसिन, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल. ती भडकली.

"मैं आपके लिए एक-एक बीज निकाल रही थी, बाबा! माझी बोटं दुखत होती! आणि तुम्ही नाली में डालत होते?"

"हो."

"सांगता येत नव्हतं?"

"नाही." हे खरं उत्तर होतं, म्हणून तिला अजून राग आला. टमाटर असे चिरले की खालची फळी वाजत होती. या वेळी बिया काढल्या नाहीत.

मी ओट्यापाशी स्टूल घेऊन बसलो. मदत म्हणून म्हणालो, "आई चिमूटभर गूळ टाकायची."

"माहीत आहे," ती म्हणाली. गूळ आधीच पडलेला होता.

वाटी पुढे आली. मी चमचा तोंडात घातला. सार नव्हतं ते. लसूण होता, ती इटलीवाल्यांची वाळलेली हिरवी पत्ती होती, तेलही वेगळं. पण खाली टमाटर तोच, आणि त्याच्या मागून जरासा गूळ. मी चमचा तोंडातच धरून बसलो. या घरात ती चव पुन्हा जिभेवर येईल असं मी गृहीत धरलं नव्हतं. सोडलंच होतं ना मी.

"बाबा, बोलो ना. कसं आहे?"

आणि मीठ कमी होतं.

खरंच कमी होतं. कालच्या फजितीने घाबरून तिने जवळपास टाकलंच नव्हतं. लहान पोराला कळलं असतं. जन्मभर जे मी फुकट बोलत आलो ते आज पहिल्यांदा खरं होतं, आणि आज सकाळीच मी ते गुडघाभर पाण्यात सोडून आलो होतो. वर बायको कुठे असेल तिथे पोट धरून हसत असेल, वहिनींची वाट न पाहता.

"चांगलं नाही आहे ना?" सून म्हणाली. हात फोनकडे गेला. "मला माहीत होतं. पेंटरला सांगते, लाल नको."

मी उठलो. मिठाचा डबा ओट्यावर कोपऱ्यात होता, जिथे बायको ठेवायची तिथेच. जेवायला मी नेहमी बसतो त्या जागेवरून हात जरा लांब केला असता तरी पोचला असता. इतकी वर्षं तो तिथेच होता. मी झाकण काढलं, चिमूटभर घेतलं, पातेल्यात टाकलं. कळछी फिरवली. या घरात चुलीवरच्या भांड्यात माझा हात पहिल्यांदा गेला होता, आणि कळछी कशी धरतात तेही मला नीट येत नव्हतं. थोडा सॉस उडून बनियनवर पडला.

पुन्हा चाखलं. अजून थोडं टाकलं. मग कळछी तिच्यापुढे धरली.

तिने कळछीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "उष्टं आहे," ती म्हणाली.

"असू दे."

तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं. डोळे मिटले. "कमी होतं," ती म्हणाली. "नमक कम था ना, बाबा?"

मी मिठाच्या डब्याचं झाकण लावलं. तिने पुन्हा बोट बुडवलं, मग चमच्याने खाल्लं, मग उभ्या उभ्याच वाटीभर खाल्लं. मग फोन उचलला.

"भैया, लिखो. सबसे ऊपर, लाल वाला."

गाडी आता रोज संध्याकाळी उभी राहते. सून आता स्वतः चाखून करते. देवाचा नैवेद्य तेवढा न चाखता. मी आत स्टुलावर बसून मटर सोलतो आणि लोकांना वाकून आग्रह करतो, कंबर धरून. गिऱ्हाइकाने मागितलं तर मिठाचा डबा माझ्याजवळ असतो, सुनेने तो माझ्या हाताशी आणून ठेवला आहे. कोणी म्हणालं, अंकल, नमक थोड़ा कम है, तर मी उत्तर देत नाही. उठतो आणि टाकतो.